पावसासाठी नोव्हेना, आणि आवारात पेव्हर ब्लॉक

प्रति,
आदरणीय फादर, सिस्टर्स, पॅरिश कौन्सिल आणि वित्त समितीचे सभासद यांना.
तापी खोऱ्यातल्या आमच्या धर्मग्रामासाठी. आणि खान्देशात जिथे जिथे असाच ठराव पुढ्यात आहे, तिथल्या सगळ्यांसाठी.

सप्रेम जय ख्रिस्त.

एकाच रविवारी, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना संपता संपता, दोन सूचना वाचल्या गेल्या. पहिली अशी की पावसानं ओढ दिली आहे, तेव्हा सोमवारपासून नऊ दिवस संध्याकाळी पावसासाठी नोव्हेना होईल. दुसरी अशी की नाताळच्या आत सगळ्या आवाराला पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत, त्यासाठी तीन कडुनिंब आणि बोअरजवळची चिंच काढावी लागेल, देणगीची पाकिटं बाकांवर ठेवली आहेत. आभाळाकडे पाणी मागायचं आणि ते उतरायच्या आत जमिनीचं दार लावून घ्यायचं, हे एकाच कागदावर कसं बसलं, एवढंच आम्हाला विचारायचं आहे.

लिहिणारे आम्ही याच धर्मग्रामातले लोक. कापूस, मका, दादर ज्वारी पिकवणारे, नळकाम करणारे, कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षण देणारे. आमच्या मुली या आवारातल्या वसतिगृहात राहतात, आमची माणसं मागच्या कबरस्थानात निजली आहेत. आवाराचा सातबारा संस्थेच्या नावावर आहे हे आम्ही जाणतो. पण कॅनन कायद्याचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, २१२वं कलम सांगतं की ख्रिस्तसभेच्या हिताच्या गोष्टीत आपलं मत धर्मगुरूंना आणि इतर श्रद्धावंतांना आदरानं कळवणं हा सामान्य माणसाचा हक्क आहे, आणि प्रसंगी कर्तव्यही. त्या कलमावर बोट ठेवून हे पत्र लिहीत आहोत, आणि उघडपणे लिहीत आहोत, कारण पैसा सगळ्यांकडून मागितला गेला आहे.

आधी नोव्हेनाबद्दल, म्हणजे गैरसमज नको. प्रार्थनेनं काय होणार, असं म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. पेरणी साधली नाही, कापसाला भाव नाही, गारपिटीनं केळी आडवी झाली, अशा वर्षी माणूस गुडघ्यांवर येतो ते उगाच नाही. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी, महामारी ऐन भरात असताना, पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात पावसात उभे राहिले आणि मार्कच्या शुभवर्तमानातल्या वादळाचा उतारा समोर ठेवून प्रार्थना केली. आजारी जगात आपण मात्र धडधाकट राहू असं धरून चाललो होतो, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. म्हणजे संकटातली प्रार्थना आपली चूक झाकत नाही, ती उघडी करते.

आपल्याकडे तर पावसाची आणि पेरणीची स्वतंत्र उपासनाच आहे. मिस्सा-ग्रंथात पेरणीच्या वेळचा मिस्सा आहे, पावसासाठीची प्रार्थना आहे. आशीर्वादांच्या ग्रंथात शेतांना, गुरांना आणि बियाण्याला आशीर्वाद देण्याचे विधी आहेत. पाचव्या शतकात, आजच्या फ्रान्समधल्या व्हिएन शहरावर भूकंपासारखी संकटं कोसळली तेव्हा तिथले बिशप मामर्तुस यांनी प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस उपास आणि मिरवणुकीनं प्रार्थना सुरू केली. त्यातून रोगेशनचे दिवस आले. गावच्या शिवेवरून, शेतांच्या बांधांवरून, संतांची नावं घेत लोक चालत. १९६९ च्या सुधारित दिनदर्शिकेनं हे दिवस रद्द केले नाहीत. ते कधी आणि कसे पाळायचे हे त्या-त्या देशाच्या बिशपांवर सोपवलं. आपल्याकडे ते कोणी पाळताना दिसत नाही, आणि मग पाऊस लांबला की ऐनवेळी नोव्हेनाची धावाधाव होते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की मशागत संपत येते, मृग ७-८ जूनला लागतो. त्या मधल्या काळात तीन दिवस बांधावर जाऊन प्रार्थना करा, बियाण्याच्या पिशव्या वेदीजवळ येऊ द्या. जुलैच्या अखेरीस, दुबार पेरणीचं बियाणं उधार आणल्यावर, नऊ दिवस केलेल्या प्रार्थनेपेक्षा ती अधिक वेळेवरची ठरेल.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. चर्चसमोरची मोकळी जागा साधारण दहा गुंठे, म्हणजे हजार चौरस मीटर. खान्देशात पाऊस तालुक्यागणिक बदलतो. हिशेबाला ६०० मिलिमीटर धरू. एका पावसाळ्यात या जागेवर सहा लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं सगळं जिरत नाही. काळी माती एकदा भिजली की फुगून तोंड मिटते आणि वरचं पाणी वाहू लागतं. तरी झाडांच्या मुळांशी, भेगांतून, गवतातून बरंच खाली जातं. त्यावर सिमेंटच्या थरात ब्लॉक बसवले की बहुतेक सगळं पाणी फाटकातून रस्त्यावरच्या गटारीत जाईल. म्हातारी माणसं एकच विचारतात: पानी जिरी कोठे?

शिवाय काळ्या मातीवर हे काम टिकत नाही, हे कोणत्याही जाणत्या गवंड्याला विचारा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते. ती पुरेशी उकरून, मुरूम भरून, दाबून घेतल्याशिवाय वर ब्लॉक बसवले तर दोन-तीन पावसाळ्यांत कुठे कुबड येतं, कुठे खळगा पडतो. मग ठेच लागते ती काठी टेकत येणाऱ्या आजीबाईंना. अंदाजपत्रकात उकरणीचा आणि मुरमाचा आकडा आम्हाला दिसला नाही. तो धरला तर रक्कम वाढेल, नाही धरला तर दोन वर्षांनी पाकिटं पुन्हा बाकांवर येतील.

छपराचं पाणी ही तर हातातली गोष्ट. चर्चचं छप्पर २५० चौरस मीटर धरा. ६०० मिलिमीटर पावसातलं ८० टक्के हाती लागलं तरी एक लाख वीस हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचे बारा टँकर. वसतिगृहात शंभर मुली धरल्या आणि पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले तर २४० दिवसांचं पाणी. आज ते पन्हाळीतून पायरीवर पडतं, आणि त्यानंच तो चिखल होतो ज्याच्यासाठी पेव्हर ब्लॉक हवे आहेत!

करायचं काय, तेही सांगतो. पन्हाळीचे उतार नीट करून दोन्ही बाजूंना ११० मिलिमीटरचे पाइप खाली आणायचे. पहिल्या पावसाचं पाणी कधीही टाकीत घ्यायचं नाही. त्यात पारव्यांची विष्ठा, धूळ, पानं असतात. दोन मिलिमीटरचा पाऊस सोडायचा म्हणजे या छपराला ५०० लिटर, ते बाजूला वळवायला पाइपला तळाशी झाकण असलेला फाटा ठेवायचा. त्यानंतरचं पाणी जाळीतून टाकीत. टाकी भरली की उरलेलं बोअरशेजारच्या पुनर्भरण खड्ड्यात. खड्डा सहा फूट लांब-रुंद आणि आठ फूट खोल पुरेल, पण खरं माप जमीन सांगते: काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली जायलाच हवं, नाहीतर खड्ड्याचं डबकं होतं. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर नायलॉनची जाळी आणि सगळ्यात वर जाड वाळू. बोअरकडे फक्त छपराचं गाळलेलं पाणी जाऊ द्यायचं. अंगणातलं पाणी, ज्यात गाड्यांचं ऑइल आणि शेण येतं, त्याला वेगळा शोषखड्डा. हे दोन एकत्र केले की बोअर बिघडतो आणि मग लोक म्हणतात, पुनर्भरण काही कामाचं नाही.

बिघाड होतो तो वाळूत. दोन वर्षांत गाळ बसून वरचा थर घट्ट होतो आणि पाणी वरच्यावर तुंबतं. दर मे महिन्यात वरची दोन-तीन इंच वाळू खरवडून धुऊन परत टाकायची, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण ते कोणाचं, हे ठरलेलं असावं लागतं. पांझरेकाठच्या फडांना, म्हणजे सामाईक पाटाखालच्या शेतांना, पाटकरी असतो, कोणाच्या वाफ्यात पाणी कधी सोडायचं ते तोच बघतो. म्हणून ती व्यवस्था शेकडो वर्षं चालली. आपल्या खड्ड्यालाही एक पाटकरी नेमा आणि त्याचं नाव सूचनाफलकावर लावा.

झाडांकडे येऊ. गुड फ्रायडे २० मार्च ते २३ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो, आणि त्या दिवशीची मुख्य उपासना दुपारी तीनच्या सुमाराला असते. खान्देशात त्या वेळी पारा चाळिशीच्या आसपास, कधी वरही. क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची, चौदा स्थानं आपल्याकडे कुंपणाच्या भिंतीवर आहेत. प्रत्येक स्थानाला लोक गुडघे टेकतात, कित्येक जण अनवाणी असतात. आज चौथ्यापासून नवव्या स्थानापर्यंत कडुनिंबांची सावली आहे आणि खाली माती आहे. उद्या सावली नाही, आणि खाली सकाळपासून तापलेलं सिमेंट. ठराव करणाऱ्यांनी एकदा दुपारी तीनला रस्त्यावरच्या ब्लॉकवर तळहात ठेवून बघावा.

आणखी एक. सातपुड्यातल्या पाड्यांवरून जे लोक जीपनं, एसटीनं, काही पायी येतात, ते मिस्सानंतर याच निंबांखाली भाकरी सोडतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे दुसरा हॉल नाही. गाडी लावायला जागा हवी असणारे कौन्सिलवर आहेत; सावलीत भाकरी खाणाऱ्यांचं तिथे कोणी नाही. हे आम्ही रागानं म्हणत नाही, यादी बघून म्हणतो.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात, नगराला वेढा घालून बसलेल्या सैन्यालाही आज्ञा आहे की तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका. झाड म्हणजे काय माणूस आहे, की त्याच्याशी लढावं? पुढच्याच ओवीत फळं न देणारी झाडं तोडायची मुभा आहे, हे कोणीतरी दाखवेल, म्हणून आधीच कबूल करतो. निंब त्या मुभेत बसेल. चिंच बसत नाही. आणि निंबाचं फळ तोंडात जात नसलं तरी शेतात जातं: पाच किलो निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळायचा आणि एकूण शंभर लिटर द्रावण करून फवारायचं. कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांना पाच टक्क्यांचा हा अर्क चालतो. उन्हात त्याचा जोर जातो म्हणून संध्याकाळी फवारायचा, आणि केला त्याच दिवशी संपवायचा. तीन निंबांच्या निंबोळ्या दरवर्षी झाडून कचऱ्यात जातात, हा दोष आमचाही.

कायद्याचं थोडक्यात. नगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाची झाडं वारसा वृक्ष ठरतात. चिंच चर्चच्या इमारतीहून जुनी आहे, असं जुने लोक सांगतात. परवानगीचा अर्ज केला असेल तर तो फलकावर लावा. केला नसेल तर कंत्राटदाराला झाडांवर फुल्या मारायला कोणी सांगितलं?

‘चारच्या बदल्यात चाळीस लावू’ हे उत्तर आम्ही ऐकलं. मागची रोपं ५ जूनला लागली होती, फोटो निघाले. खान्देशात पाऊस स्थिरावतो तो जूनच्या उत्तरार्धात. तोवर रोप उन्हानं करपतं, उरलेलं शेळ्या खातात. दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात, कुंपणासकट लावलेलं आणि तीन उन्हाळे पाणी घातलेलं रोप जगतं. तेव्हा चाळीसचा आकडा आधी पाणी घालणाऱ्यांच्या नावांसकट द्या.

चिखलाची तक्रार खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पावसाळ्यात व्हीलचेअर फाटकातून दारापर्यंत येत नाही, हे लाजिरवाणं आहे. त्यासाठी पाच फूट रुंद एक पक्की वाट पुरेल, आणि पायऱ्यांशेजारी एकास बारा उताराचा रॅम्प. गाड्यांसाठी फाटकालगत भोकांचे ब्लॉक, मुरूम आणि वाळूच्या थरावर, सांध्यांत सिमेंट न भरता. झाडाच्या बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी, आणि बुंध्यावर भर टाकायची नाही, नाहीतर झाड न तोडताच मरतं. बाकी आवार मातीचं राहू द्या.

इतर तक्रारी चटकन सांगतो. नाताळच्या गव्हाणीला थर्माकोल वापरला जातो. राज्यात त्यावर मार्च २०१८ पासून बंदी आहे, आणि येशूचा गोठा पऱ्हाट्यांचा, कडब्याचा झाला तर बिघडत काहीच नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर प्लास्टिकचे हार चढतात आणि फेब्रुवारीत तेच कुंपणापाशी जळत असतात. वेदीच्या सजावटीत साहित्य खरं असावं आणि साधेपणा असावा, असं मिस्सा-ग्रंथाच्या सूचनाच सांगतात, तरी प्लास्टिकची फुलं बारमाही. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, शिंदीचा शेंडाच छाटून आणतात. शिंदीला वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की झाड गेलं. बाहेरच्या खालच्या झावळ्या घ्या, किंवा निंबाच्या डहाळ्या चालतील, उपासनेला कोणत्याही झाडाची फांदी चालते.

एक गोष्ट मात्र सावकाश सांगायची आहे. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे उपासनेच्या तयारीच्या खोलीच्या, कोपऱ्यात एक छोटं कुंड आहे, साक्रारियम. पवित्र भांडी आणि वेदीवरची वस्त्रं धुतल्यावर पहिलं पाणी त्यात ओततात. त्याची नळी गटारीला जोडलेली नसते, ती थेट मातीत जाते. हा नियम आहे, सोय नव्हे: जे पाणी प्रभूच्या शरीर-रक्ताच्या कणांना लागलं ते फक्त मातीनं घ्यायचं. आपली ती नळी सॅक्रिस्टीच्या मागे, तिसऱ्या निंबाच्या मुळाशी उतरते. नकाशात त्या जागेवर ‘दुचाकी पार्किंग’ लिहिलं आहे. नळीचं काय करणार, याची नोंद नाही. विसरले असतील. पण नेमकं हेच विसरलं गेलं, याचा आम्हाला त्रास होतो.

पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लिहिलं की देवाच्या निर्मितीची राखण हा ख्रिस्ती जीवनाचा ऐच्छिक किंवा दुय्यम भाग नाही. त्याच वर्षी त्यांनी १ सप्टेंबर हा निर्मितीच्या संगोपनासाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. तिथून ४ ऑक्टोबरपर्यंत, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, निर्मितीचा काळ पाळला जातो. जुलै २०२५ मध्ये याच हेतूसाठी नवा मिस्सा जाहीर झाला आणि पोप लिओ यांनी ९ जुलैला कास्तेल गँडोल्फोला तो अर्पणही केला. आपल्याकडे १ सप्टेंबर अजून नुसता दिनदर्शिकेवरच आहे.

आमच्या मागण्या:

पेव्हर ब्लॉकचं काम वर्कऑर्डरआधी थांबवावं आणि सगळ्या धर्मग्रामाची सभा एका रविवारी मिस्सानंतर घ्यावी. पाड्यांवरची माणसं येतील अशा रविवारी.

चारही झाडं जागेवर राहावीत. फांदी धोक्याची असेल तर तेवढीच, परवानगीनं छाटावी.

जमलेल्या देणगीतून आधी पन्हाळी, टाकी आणि पुनर्भरण खड्डा. मग पाच फुटी वाट आणि रॅम्प. पैसे उरले तर पार्किंग. खर्चाचं पत्रक फलकावर लावावं.

साक्रारियमची नळी मातीतच उतरते ना, हे काम करण्याआधी आणि नंतर तपासावं.

मृगाआधी तीन दिवस बांधावरची प्रार्थना आणि बियाण्याचा आशीर्वाद सुरू करावा. सप्टेंबरातल्या एका रविवारी निर्मितीच्या संगोपनाचा मिस्सा व्हावा. साध्या काळातल्या, म्हणजे मोठ्या सणांच्या काळाबाहेरच्या, रविवारी असा मिस्सा करायला बिशपांची परवानगी लागते, ती फादरांनी वेळेत मागावी; नुसतं १ सप्टेंबरच्या सकाळी केला तर आठवड्याच्या मधल्या दिवशी पाच-सहा म्हाताऱ्या आणि सिस्टर्स एवढेच असतील.

कौन्सिलवर पाड्यांमधली दोन माणसं घ्यावीत, त्यातली एक बाई असावी.

यातल्या कामाला हात लागणार असतील तर आमचे आहेत. खड्डा खोदायला आणि वाळू धुवायला मजूर लावायची गरज नाही, नळकाम करणारा आमच्यातच आहे. नोव्हेनालाही आम्ही येत आहोत.

झाडांवरच्या फुल्या चुन्याच्या आहेत, ओल्या फडक्यानं निघतात. फादर, आपण हो म्हणालात तर येत्या रविवारी मिस्सानंतर आम्ही बादली घेऊन येतो.

आपले,
धर्मग्रामातील काही श्रद्धावंत